परभणीचं बी, जालन्याची पेढी

(दृश्य: वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ, परभणी. 18 मे. बियाणे विक्रीची खिडकी.)

मे महिन्यातली परभणी. सकाळचे नऊ वाजलेत आणि ऊन आत्ताच सोसवेना झालंय. गाड्यांच्या नंबर प्लेटी वाचत गेलं तर अर्धा मराठवाडा इथे उभा आहे. आज विद्यापीठाचा वर्धापन दिन आणि खरिपाच्या बियाणे विक्रीचा पहिला दिवस. भाषणं तिकडे मंडपात चालू आहेत. गर्दी मात्र इकडे, खिडकीपाशी.

"गोदावरी हाय का?"
"संपत आली, दादा. एकाला एकच पिशवी."
"आन सोयाबीन? एकशे बासष्ट?"

गोदावरी म्हणजे पांढऱ्या तुरीचा वाण. एकशे बासष्ट म्हणजे एमएयूएस-162, हार्वेस्टरनं कापता येईल असं उंच वाढणारं सोयाबीन. ही नावं रांगेतल्या माणसाला तोंडपाठ असतात. कुलगुरू कोण, हे ठाऊक असेलच असं नाही.

(दृश्य: बदनापूर, जि. जालना. विद्यापीठाच्या कृषी संशोधन केंद्राचं तुरीचं शेत.)

तुरीला वांझ रोग लागला की झाड हिरवंगार दिसतं, पण फुलावर येत नाही. शेंग नाही, दाणा नाही. डोळ्यांना दिसणारही नाही एवढा बारीक कोळी हा रोग एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. कोणतं वाण या रोगाला दाद देत नाही, हे शोधायची रूढ पद्धत बघण्यासारखी आहे. रोगट झाडाचं पान घ्यायचं, निरोगी रोपाच्या पानावर दुमडायचं आणि चक्क स्टेपलरनं टाचायचं. ऑफिसातला साधा स्टेपलर. मग वाट बघायची, कोण टिकतंय आणि कोण नाही.

असं वर्षानुवर्षं टाचत, निवडत, पुन्हा पेरत बीएसएमआर-736 हे वाण आलं. पुढे 2012 च्या सुमारास बीडीएन-711 आलं. या दुसऱ्या वाणाची खुबी वेळेत आहे. जुनी तूर शेतातून निघायला सहा महिने लागायचे. मराठवाड्यात परतीचा पाऊस दगा देतो, हलक्या-मध्यम रानातली ओल दिवाळीनंतर उडून जाते आणि ऐन दाणा भरायच्या वेळी झाड सुकतं. 711 पाच महिन्यांत हाताशी येते. पाण्याचा थेंब न वाढवता, नुसता एक महिना वाचवून पदरात पडणारं हे उत्पन्न आहे.

संकरापासून पिशवीपर्यंत दहा-बारा वर्षं सहज जातात. पहिला संकर करणारा माणूस वाण बाजारात येईपर्यंत निवृत्त झालेला असतो. त्याची जागा भरली गेली तर नशीब. रिक्त पदं हे इथलं जुनं दुखणं आहे.

(दृश्य: एका वाड्याची ओसरी. सोयाबीन चाळणाऱ्या बाया.)

आता थोडा हिशेब. सोयाबीनला एकरी 26 ते 30 किलो बी लागतं. विद्यापीठाच्या एका पिशवीतून आठ क्विंटल माल झाला, तर चाळून-निवडून पुढच्या हंगामात वीस-पंचवीस एकरांचं बी घरात तयार असतं. मेहुण्याला, शेजाऱ्याला, सोयरिकीतल्या गावाला ते हातउसनं जातं. पावती नाही, जीएसटी नाही. सोयाबीन स्वपरागी पीक, म्हणजे स्वतःच्याच परागानं दाणा धरणारं, त्यामुळे दोन-तीन वर्षं जात टिकून राहते. तूर जरा नाठाळ. मधमाश्या शेजारच्या रानातला पराग आणून टाकतात, तिला अंतर राखावं लागतं.

विद्यापीठानं या भागाला काय दिलं, असा प्रश्न निघाला की लोक कारखाने मोजतात. परभणीत ते फारसे सापडत नाहीत. 'जगात जर्मनी, भारतात परभणी' म्हणून आपणच हसतो. पण जे दिलं ते हातउसनं गेलंय, लातूरच्या आडतीत पोत्यांनी उतरलंय, उदगीरच्या डाळ मिलमध्ये भरडलं गेलंय. ते मोजायचं कुठे? एकाही ताळेबंदात त्याचं नाव नाही.

(दृश्य: कापसाचं बीजोत्पादन. दुपारची वेळ.)

कापसाची गोष्ट निराळी. विद्यापीठाच्या नांदेडच्या कापूस संशोधन केंद्रानं 1980 च्या दशकात एनएचएच-44 हा संकरित कापूस दिला. कोरडवाहू रानात तो इतका चालला की लोक त्याला नुसतं 'नांदेड-44' म्हणायचे. संकरित बी घरी राखता येत नाही. कळी उमलायच्या आदल्या दिवशी दुपारी तिचे पुंकेसर नखानं अलगद काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नर वाणाच्या फुलाचा पराग तिला लावायचा. एकेका फुलाला हे करायचं, तेव्हा कुठे बी तयार होतं. म्हणून ते दरवर्षी विकत घ्यावं लागतं. जिथे दरवर्षी विकत घेणं आलं, तिथे कंपनी आली.

2002 मध्ये बीटी कापसाला, म्हणजे बोंडअळीला मारणारा जनुक घातलेल्या कापसाला, मंजुरी मिळाली. नांदेड-44 मध्ये तो जनुक नव्हता. बोंडअळीनं बेजार झालेला शेतकरी काही हंगामांतच बीटीकडे वळला, त्याला दोष कसा देणार? बऱ्याच वर्षांनी महाबीजच्या, म्हणजे राज्याच्या बियाणे महामंडळाच्या साथीनं नांदेड-44 बीटी होऊन परत आला. तोवर दुकानाची फळी दुसऱ्यांनी भरली होती.

(दृश्य: जालना. बियाणे कंपन्यांच्या पाट्या.)

'जालना सोने का पालना' ही म्हण व्यापारी पेठेतून आलेली. याच गावात बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 मध्ये महिको ही बियाणे कंपनी सुरू केली. त्याआधी त्यांच्या हाती लागली होती 'पुसा सावनी' भेंडी, दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचं वाण. सरकारी संशोधन दिल्लीचं, रान आणि पेढी जालन्याची. त्यातून बीजोत्पादन करणारी गावं उभी राहिली. जिल्ह्याची हद्द ओलांडून देऊळगाव राजाच्या शेडनेटपर्यंत हा धंदा पोचला. 1998 मध्ये बारवाले यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला.

गंमत बघा. भेंडीचंच 'परभणी क्रांती' हे वाण आपल्या विद्यापीठाचं. पिवळ्या शिरांच्या रोगाला टिकणारं, देशभर पेरलं गेलेलं. नावात परभणी आहे, पण त्या नावावर परभणीत एकही मोठी पेढी उभी राहिली नाही. संशोधन कमी पडलं असं आम्हाला वाटत नाही. ते उचलून पुढे नेणारा हात जालन्यात होता, परभणीत तो फक्त शेतकऱ्याचा होता. शेतकऱ्यानं ते पेरलं, वाटलं. कंपनी काढणं हे काही त्याचं काम नव्हे.

(दृश्य: विद्यापीठाचं अन्नतंत्र महाविद्यालय, प्रयोगशाळा.)

माणसांचंही तेच. मराठवाडा विद्यापीठ 1958 मध्ये औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला सुरू झालं. त्याआधी पदवी हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाची असायची आणि निजामाच्या काळात तिथलं शिक्षण उर्दूतून. त्या विद्यापीठानं घरात पहिल्यांदाच शिकणारी एक अख्खी पिढी पगारावर आणली. नोकरीच्या मनिऑर्डरीवर किती घरं उभी राहिली, ते गावोगाव दिसतं. परभणीचं अन्नतंत्र महाविद्यालय 1976 पासून आहे. सोयाबीन, हळद, मोसंबी आसपास ढिगानं पिकते आणि ती प्रक्रिया शिकलेली पोरं मुलाखती देतात बाहेरच्या कंपन्यांना. हळद हिंगोली-वसमतला पिकते, पण पाकिटात दुसऱ्याच्या नावानं जाते.

2018 पासून जालन्याला मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचं केंद्र चालू आहे. बियाण्याच्या पेठेला, स्टीलच्या भट्ट्यांना, डाळ मिलला लागणारं रसायनशास्त्र आता दाराशी आलंय. तिथून बाहेर पडणाऱ्या मुलांना पुण्याच्या गाडीत बसण्याआधी कुणी पगाराचा आकडा सांगतं का, हे आता जालन्याच्या पेढ्यांनी बघायचं आहे.