आरोपीच्या पिंजऱ्यात एकटी

मंडळी, मागे एका कॉलेजात बायकांवरच्या अन्यायाबद्दल बोलून व्यासपीठावरून उतरलो, तर एक पोरगा वाट अडवून उभा. म्हणाला, "सर, मी आजवर कुणाच्या वाटेला गेलो नाही. मग तुम्ही 'पुरुषांनी' म्हणता, त्यात मला का धरता?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो आणि चहाकडे वळलो. त्याचा प्रश्न मात्र माझ्या मागे लागला, तो आज इथपर्यंत आलाय.

१८८१ साली सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल फाशी सुनावली गेली. पुढे फाशीचं काळं पाणी झालं आणि शेवटी शिक्षा पाच वर्षांवर आली. आता त्या पिंजऱ्याकडे नीट बघा. आत एकटी बाई. मुलाला बाप असणारच, पण तो पिंजऱ्यात नाही. विधवाविवाह १८५६ पासून कायदेशीर होता, म्हणजे आडवं यायला सरकार नव्हतं, घरची आणि जातीची माणसं होती. तीही पिंजऱ्यात नाहीत. कायद्याला मी दोष देत नाही. ज्याच्या हातून घडलं त्यालाच धरायचं, हे कायद्याचं शहाणपण आहे, आणि ते सोडलं तर झुंड उरते.

पण वर्तमानपत्रांना हे शहाणपण नव्हतं. एका विजयालक्ष्मीवरून त्यांनी अख्ख्या स्त्रीजातीचा उद्धार केला. शिक्षा एकटीला, बदनामी सगळ्यांची! आपली भाषाही यात सामील आहे. 'बाईची जात' हे आपण केवढ्या सहज म्हणतो.

हे वाचून बुलढाण्यात एक बाई चिडली. ताराबाई शिंदे. १८८२ साली पुण्यात तिची 'स्त्री-पुरुष तुलना' छापली गेली. तिची युक्ती साधी होती. बायकांवर जेवढे म्हणून दोष लादले जातात, ते एकेक उचलायचे आणि पुरुषांच्या अंगाला लावून पाहायचे. बहुतेक ठिकाणी माप बरोबर बसतं, थोडं सैलच होतं! तिने देवांनाही सोडलं नाही. खुद्द फुल्यांच्या सत्यशोधक समाजातल्या काहींना हे झेपलं नाही. जोतीराव फुले मात्र १८८५ साली 'सत्सार' या आपल्या पुस्तिकेतून तिच्या बाजूने उभे राहिले.

आता त्या पोराने विचारलं असतं, की ताराबाईंनी तरी दुसरं काय केलं? सगळ्या पुरुषांना एका दावणीला बांधलंच ना? बांधलं. मलाही ते पुस्तक वाचताना मध्येमध्ये 'अहो बाई, सगळे नाही हो' असं म्हणावंसं वाटतं. पण असं वाटायला मला एका पानाचाही धीर धरवत नाही, हे ध्यानात आलं तेव्हा थोडी लाज वाटली. तिच्यासारख्यांना 'सगळ्या बायका तसल्याच' हा आरोप जन्मभर ऐकावा लागला होता.

फुल्यांचंच बघा. पुण्यात काशीबाई नावाची एक विधवा होती. एका शास्त्रीबुवामुळे ती गरोदर राहिली, तिने मूल मारलं आणि ती अंदमानात गेली. शास्त्रीबुवा पुण्यातच. यात फुल्यांचा काही अपराध होता का? काडीचाही नाही. तरी १८६३ साली जोतीराव आणि सावित्रीबाईंनी गरोदर विधवांसाठी आपल्या घराचं दार उघडलं आणि तशा जाहिराती भिंतींवर लावल्या. तिथे जन्मलेल्या एका मुलाला पुढे त्यांनी दत्तक घेतलं, तो यशवंत. 'तो शास्त्री मी नव्हे' असं सांगत बसायला त्यांना सवड झाली नसावी.

माझं सांगतो, दुसऱ्याच्या घरात किती डोकवायचं! आमच्या सातबाऱ्यावर माझं नाव आहे. दोन बहिणींची नाही. वडील गेल्यावर दोघींनी हक्कसोडपत्रावर सह्या केल्या. मुलींना वाटा देणारा कायदा महाराष्ट्रात १९९४ सालीच आला होता, आम्हा तिघांनाही तो ठाऊक होता. मी मागितलं नाही, धमकावलं नाही. वकिलाने कागद पुढे केला, थोरलीने विचारलं, "कुठे करू?" मी बोट ठेवलं. झालं. माहेर तुटू नये म्हणून बायका काय काय सोडतात, त्यात एवढं एक. दर भाऊबीजेला मी साडी देतो, चांगली देतो.

आता सांगा, माझा गुन्हा कोणता? कुठल्याच कोर्टात नाही. पण सोयाबीनचे पैसे जमा होतात ते माझ्या खात्यात. गुन्हा वाटून घेता येत नाही, पीक मात्र मी एकटा घेतो आहे. त्या पोराला मी हेच सांगायला हवं होतं: बाबा, तुला पिंजऱ्यात कुणी उभं करत नाही, तू फक्त घरचा उतारा काढून बघ.

गेल्या दिवाळीला मी धाकटीपाशी विषय काढला. म्हटलं, तुमच्या वाट्याचं परत नावावर करू. ती करंज्या तळत होती. झारा तसाच हातात धरून म्हणाली, "दादा, वहिनीला विचारलंस का?"

विचारलं नव्हतं.