कपाटातले तीन दाखले

नमस्कार श्रोतेहो.

आज 1 मे, महाराष्ट्र दिन. सकाळी सातला आमच्या शाळेच्या पटांगणात झेंडावंदन झालं, राज्यगीत म्हटलं, आणि घामाच्या धारा लागायच्या आत आम्ही निकाल वाटायला बसलो. नागपूरचं मे महिन्याचं ऊन कसं असतं ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. साडेनऊनंतर शाळेच्या पायरीवर अनवाणी पाय ठेववत नाही. म्हणून त्याआधी पोरं घरी पोचली पाहिजेत, हा आमचा दरवर्षीचा नेम.

मी पूर्व नागपुरातल्या महापालिकेच्या एका मराठी प्राथमिक शाळेची मुख्याध्यापिका. पहिली ते चौथीचे वर्ग, पट शंभराच्या आसपास, आणि आम्ही चार शिक्षिका. वस्ती कष्टकऱ्यांची. कुणाचे वडील कळमन्याच्या बाजारात हमाल, कुणाचे ऑटो चालवतात, कुणी इमारतींच्या कामावर. आया धुणीभांडी करतात, आणि मिरचीचा हंगाम लागला की पुष्कळ जणी देठं खुडायला जातात. त्या दिवसांत एखादीचं दप्तर उघडलं तरी ठसका लागतो, इतकी मिरची घराघरात भिनलेली असते.

आज सगळ्यांत आधी एक आजी फाटकाशी येऊन उभ्या होत्या. मला बघितल्याबरोबर म्हणाल्या, "मॅडम, पोट्टी पास झाली ना?"

हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी त्याचं उत्तर द्यायला मला आवडतं. या वर्गांत आम्ही मुलांना नापास करत नाही. वर्षभर वर्गात बघून, बोलून, करून घेऊन जे टिपतो ते आकारिक मूल्यमापन, सत्राच्या शेवटी लेखी-तोंडी घेतो ते संकलित. दोन्ही मिळून श्रेणी ठरते. आणि श्रेणीच्या बाजूला असतात वर्णनात्मक नोंदी. प्रगतिपुस्तकातली माझी सगळ्यांत आवडती जागा तीच.

पण ती जागा वाया घालवणं फार सोपं असतं. 'वर्गात शांत बसतो', 'हस्ताक्षर सुधारावे', 'अभ्यासात रुची घेते'. अशी ठरलेली वाक्यं आम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी एका पुस्तकातून दुसऱ्या पुस्तकात उतरवली आहेत. या वर्षी एप्रिलमध्ये आम्ही चौघींनी ठरवलं, की नाव झाकून नोंद वाचली तरी आईला आपलं पोर ओळखू आलं पाहिजे. त्यासाठी दोन आठवडे रोज शाळा सुटल्यावर बसलो. पंखा आणि माठातलं पाणी, एवढ्यावर.

तिसरीत एक मुलगा आहे. त्याच्या वडिलांची टरबुजाची गाडी. कागदावर तीन अंकी वजाबाकी मांडली की हातचा कुठे घ्यायचा तेच त्याला कळेना. एका रविवारी वर्गशिक्षिका त्या गाडीवर टरबूज घ्यायला गेल्या, तर गल्ल्यावर हाच. पाचशेची नोट घेतली, एकशे सदतीस वजा केले आणि उरलेले पैसे मोजून हातात ठेवले, डोळ्यांची पापणी लवायच्या आत. बाईंनी त्याच्या नोंदीत लिहिलं, 'गाडीवरचा हिशेब बिनचूक करतो. तोच हिशेब कागदावर मांडायला शिकतो आहे.' आज वडिलांनी ते वाक्य फाटकाशी उभं राहून दोनदा मोठ्यानं वाचलं. दुसऱ्यांदा बाजूच्या माणसाला ऐकू जाईल असं.

निकालाच्या दिवशी वर्षभरातलं बरंच काही आठवतं. यंदा फेब्रुवारीत आम्ही तिसरी-चौथीच्या पोरांना मेट्रोनं अजब बंगल्यात नेलं. अजब बंगला म्हणजे आपलं मध्यवर्ती संग्रहालय, 1863 सालचं. पण पोरांच्या लेखी खरी सहल मेट्रोचीच होती. प्रजापती नगरला गाडीत बसलो आणि खेळ लावला, की प्रत्येक स्टेशनची पाटी आधी कोण वाचतो. वैष्णोदेवी चौक. त्यातल्या 'ष्णो'ला निम्मी गाडी अडखळली. मग आंबेडकर चौक, तो सगळ्यांना पाठच. टेलिफोन एक्स्चेंजला पुन्हा गोंधळ. चितार ओळी, अग्रसेन चौक, आणि मग दोसर वैश्य चौक. तिथे मात्र मागच्या सीटवरून एका मुलीनं, जी वर्गात कधी तोंड उघडत नाही, खणखणीत आवाजात वाचलं. जोडाक्षरं शिकवायला आम्ही तक्ते करतो, कार्डं करतो. या वर्षी जोडाक्षरं त्या गाडीत पक्की झाली. सीताबर्डीला गाडी बदलून झिरो माईलला उतरलो, तेव्हा परतीच्या पाट्या उलट्या क्रमानं म्हणून दाखवायची पैज लागलेली होती.

आणि तान्हा पोळा! पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे लहान मुलांचा, लाकडी नंदीबैलांचा पोळा असतो, हे विदर्भाबाहेरच्या माणसाला सांगितलं की नवल वाटतं. यंदा शाळेतला तान्हा पोळा वस्तीनंच अंगावर घेतला. एका पालकांचं सुतारकाम आहे, त्यांनी उरल्यासुरल्या लाकडाचे नंदी करून दिले, कारण काही घरांत नंदी विकत आणणं जमत नाही आणि ते पोर त्या दिवशी शाळेतच येत नाही. हे त्यांच्या लक्षात आलं, आमच्या आलं नव्हतं. मुलांना बोजारा, म्हणजे त्या दिवसाची भेट, म्हणून बचत गटाच्या बायकांनी प्रत्येकी पेन्सिल आणि चिवड्याचा पुडा दिला.

शाळा व्यवस्थापन समिती हा शब्द तुम्ही ऐकला असेल. शिक्षण हक्क कायद्यानं प्रत्येक सरकारी आणि अनुदानित शाळेत ती असते. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि निम्म्या स्त्रिया. कागदावर ती सगळीकडे आहे. आमच्याकडे ती खरोखर बसते, याचं श्रेय मी आमच्या समितीतल्या आयांना देते. मार्चमध्ये सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा दोन वर्गांतले पंखे बंद होते. रीतसर अर्ज केला होता, तो आपल्या वाटेनं चालला होता. समितीतल्या एका आईचे दीर वायरमन. ते एका संध्याकाळी आले, दोन्ही पंखे उतरवले, घरी नेऊन दुरुस्त केले आणि तिसऱ्या दिवशी लावून गेले. खिचडीचे डबे गाडीनं येतात, पण वाढायला रोज कुणी ना कुणी आई असते. पहिलीतल्या कोणत्या पोराला वरून थोडी जास्त लागते हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत आहे.

आता ज्यासाठी मी आज मुद्दाम रेडिओवर आले, ते सांगते.

आमची शाळा चौथीपर्यंत. म्हणजे चौथीच्या प्रत्येक मुलाला पाचवीसाठी दुसरी शाळा शोधावी लागते. निकाल हातात पडतो, पण पुढच्या शाळेत नाव घालायला लागतो तो शाळा सोडल्याचा दाखला. तो पालकानं अर्ज करून, सही करून न्यायचा असतो. निकाल आणि दाखला यांच्या मधल्या फटीत पोरं पडतात. मी ते बघितलं आहे.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. चौथीत एक मुलगी होती. वाचनात वर्गात पहिली, बहुतेक विषयांत अ-1. 1 मेला निकाल घेऊन गेली. दाखला न्यायला कुणी आलं नाही. मला वाटलं, येतील. जून गेला, शाळा सुरू झाली, नव्या पहिलीची गडबड. जुलै गेला. आम्ही समजून चाललो, की ती दुसरीकडे लागली असणार. दिवाळीच्या सुमारास मी कळमन्याला कांदे घ्यायला गेले आणि ती दिसली. कडेवर धाकटा भाऊ, समोर कांद्याचा ढीग, निवडत होती. मला बघून ती पोत्यांच्या मागे लपली. जी पोर रोज फाटकापासून "बाई, बाई" करत माझ्या हातातली पिशवी ओढून घ्यायची, ती मला बघून लपली.

आईशी बोलले. आई म्हणाली, "मॅडम, ते मोठी शाळा लय दूर, रिंग रोडच्या पल्ल्याड. मले कामाले जा लागते. हिले नेईन कोण?" कारण एवढंच होतं. शिकवायचं नाही असं त्या घरात कुणाच्या मनात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी तिला घेऊन पाचवीच्या शाळेत गेले. तिथे पहिलं वाक्य ऐकलं, की आता अर्धं वर्ष गेलं, पुढच्या वर्षी आणा. श्रोतेहो, हे वाक्य तुम्हाला कुणी ऐकवलं तर तिथून परत फिरू नका. शिक्षण हक्क कायदा 2009 सालचा आहे, 1 एप्रिल 2010पासून लागू आहे. त्यात सहा ते चौदा वर्षांच्या मुलाला वर्षात केव्हाही शाळेत घ्यावं लागतं. दाखला यायला उशीर झाला म्हणून प्रवेश अडवता येत नाही. मुख्याध्यापकानं दाखला लगेच द्यायचा असतो, तो अडकवून ठेवणाऱ्यावर कारवाई होऊ शकते. आणि मधे शाळा सुटलेली असली, तरी वयाला साजेशा वर्गातच मुलाला बसवायचं, मागे राहिलेला अभ्यास शाळेनं करून घ्यायचा. त्या दिवशी मी हेच तिथे शांतपणे सांगितलं. प्रवेश झाला. त्या मुलीचं पुढे काय झालं ते मला माहीत आहे, पण ते तिचं आहे, मी ते इथे सांगणार नाही.

तेव्हापासून आमच्या शाळेत चौथीची वेगळी रीत आहे. एप्रिलमध्येच प्रत्येक पालकाकडून दाखल्याचा अर्ज भरून घेतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांच्या जागी आम्ही लिहितो, सही किंवा अंगठा त्यांचा. मग एका सकाळी चौथीचा सगळा वर्ग रांगेनं पाचवीच्या शाळेत पायी नेतो. रिंग रोड कुठे ओलांडायचा, पोलीस कुठे उभा असतो, पाण्याची टाकी कुठे, मुलींचं स्वच्छतागृह कुठे, सगळं दाखवतो. यंदा तीन आया बरोबर आल्या होत्या. परतताना त्यांनी तिथल्या तिथे ठरवलं, की जूनपासून पोरींना गटानं पाठवायचं आणि आठवड्यातला एकेक दिवस एकेकीनं वाटून घ्यायचा. असा मार्ग मला एकटीला सुचला नसता.

मुलांची नोंद असते त्या सरकारी पोर्टलवरसुद्धा काम असतं. दाखला दिला, की मूल आमच्या यादीतून निघतं आणि नवी शाळा त्याला ओढून घेईपर्यंत मधेच लोंबकळत राहतं. आमच्या भाषेत, ड्रॉपबॉक्समध्ये पडतं. म्हणून जुलैत मी पुढच्या शाळेला फोन करून एकेक नाव विचारते. तिथले सर आता माझा आवाज ओळखतात.

पाचवीत जाणाऱ्यांच्या पालकांसाठी आणखी एक. पाचवीला आणि आठवीला आता वार्षिक परीक्षा असते. त्यात मूल कमी पडलं तर पुन्हा परीक्षा द्यायची संधी मिळते. तेव्हा घाबरून पोराला शाळेतून काढू नका.

सुटी मोठी आहे. उरलेल्या महाराष्ट्रात जूनच्या मध्याला शाळा उघडतात, आपल्या विदर्भात उन्हामुळे जून सरत येतो. एवढ्या दिवसांत दुसरी-तिसरीतलं पोर वाचायचं विसरतं, हे मी जुलैत दरवर्षी बघते. म्हणून यंदा प्रत्येकाला घरी दोन गोष्टीची पुस्तकं दिली आहेत, आणि फाटली तरी रागावणार नाही असं सांगून दिली आहेत. दुपारी लू चालत असताना पोरं तशीही घरातच असतात. कुलरसमोर आडवं पडून एक पान मोठ्यानं वाचायला सांगा. आजोबांना चष्मा सापडत नसेल तर फारच चांगलं, पोरालाच वाचावं लागेल.

पटांगणातल्या कडुलिंबाखाली आम्ही पावसाळ्यात लावलेली नऊ रोपं आहेत. त्यांना पाणी घालायची पाळी वस्तीतल्या पोरांनी वाटून घेतली आहे, फाटकाची एक किल्ली समोरच्या किराणा दुकानात ठेवली आहे.

आज चौथीचे सगळे निकाल गेले. दाखल्यांपैकी तीन अजून माझ्या कपाटात आहेत. एक कुटुंब कामासाठी बालाघाटकडे गेलं, निकाल शेजारणीनं नेला. एका मुलीला रामटेकजवळ आजीकडे ठेवलं आहे. तिसऱ्या मुलाच्या आईची सही राहिली, ती आज कामावर होती. त्यांच्यापैकी कुणी हे ऐकत असेल, किंवा भंडारा, गोंदिया, शिवनी, बालाघाट, कुठल्याही गावी तुमच्या शेजारी नागपूरहून आलेलं चौथी पास पोर असेल, तर त्याच्या आईला एवढा निरोप द्या, की दाखला तयार आहे. कुणावर राग नाही, कसला दंड नाही, पैसे लागत नाहीत. स्वतः येणं जमत नसेल तर फोन करा. तुमच्या गावच्या शाळेत कागदाशिवाय आधी मुलाला बसवा, दाखला मी पाठवते.

मे महिन्यात दर सोमवारी आणि गुरुवारी सकाळी आठ ते दहा मी शाळेत आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडेच असते.

नमस्कार.