टाचेतला काटा, हातातला नादकाटा

श्रोतेहो, नमस्कार.

मागच्या उन्हाळ्यात यावलकडचे एक बाबा माझ्या दवाखान्यात आले. केळीचे शेतकरी. तक्रार खोकल्याची. टेबलावर झोपवलं, तर टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, भोवती पू. "मले समजनंच नही," बाबा म्हणाले. शुगर पंधरा वर्षांची.

मी खणातून नादकाटा काढला. शाळेच्या प्रयोगशाळेत तुम्ही पाहिला असेल: धातूच्या दोन भुजा, खाली दांडी. तळहातावर आपटला आणि दांडी त्यांच्या पायाच्या अंगठ्याच्या हाडावर टेकवली. "बाबा, डोळे मिटा. थरथर थांबली की सांगा." "थांबली," ते लगेच म्हणाले. तीच दांडी मी माझ्या बोटाच्या पेरावर ठेवली. काटा अजून चांगला थरथरत होता.

हा काटा सेकंदाला 128 वेळा कंप पावतो. शुगर बरीच वर्षं वाढलेली राहिली की सगळ्यात लांब नसा आधी बिघडतात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. बी-12 कमी पडलं तरी ही थरथर कळेनाशी होते. दुखत नाही, म्हणून माणूस निर्धास्त राहतो. मला भीती वाटते ती या न दुखण्याचीच.

कानासाठी 512 कंपनांचा काटा वापरतात. कानामागच्या हाडावर टेकवायचा, तिथला आवाज विरला की कानासमोर धरायचा. चांगल्या कानाला तो पुन्हा ऐकू येतो. कानात मळ दाटला असेल किंवा पडद्याला भोक असेल, तर उलट हाडावरूनच जास्त ऐकू येतं. याचा अनुभव आत्ता घ्या. एका कानात हळूच बोट घाला आणि ओठ मिटून गुणगुणा. आवाज बंद कानातच मोठा येईल. नस अधू असेल तर तसं होत नाही. कपाळावर टेकवलेला काटा चांगल्या कानात जास्त वाजतो. वीज नाही, यंत्र नाही, आणि दोष पडद्याकडे की नसेत याचा अंदाज दोन मिनिटांत येतो.

मुळात हे वाद्यं सुरात लावायचं साधन. इंग्लंडच्या जॉन शोअर या तुतारीवादकानं ते 1711 साली केलं. आज तुमच्या मनगटावरच्या क्वार्ट्झ घड्याळातही स्फटिकाचा इवलासा नादकाटा असतो. त्याची सेकंदाला 32,768 कंपनं पंधरा वेळा निम्मी केली की बरोबर एक उरतं, आणि सेकंदकाटा एक घर पुढे सरकतो.

पण आज मला बोलायचं होतं ते पायांबद्दल. शुगर असेल तर अनवाणी रानात जाऊ नका. चप्पल घालण्याआधी झटका. रात्री तळवे आरशात बघा, नाहीतर सुनेला, नातवाला बघायला सांगा. वर्षातून एकदा डॉक्टरांना म्हणा, माझ्या अंगठ्यावर नादकाटा लावून बघा.

बाबांची जखम भरायला दीड महिना लागला. आता ते आले की खोकल्याचं नंतर सांगतात. आधी चप्पल काढून अंगठा पुढे करतात.