‘इतर’ या रकान्यातला हंस

(डिचोलीतल्या एका वाचनालयात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘पाळीव बदकं आणि हंस यांच्यातल्या विषाणूंची जनुकीय उत्क्रांती’. हे वाचूनही तुम्ही आलात, म्हणजे बाहेर पाऊस जोरात असणार.

विषयाकडे येतोच, पण आधी माझ्या मावशीचा हंस. मयेला तळ्याच्या अंगाला तिचं घर. अंगणात सहा बदकं आणि हा एक हंस. कवितेतला नव्हे. पोस्टमन दिसला की मान जमिनीसरशी करून फुत्कारत धावणारा. मावशीला कुत्रा पाळावा लागला नाही. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबारच्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला, कोंबड्यांमधली देशातली पहिली साथ. इकडे आमच्या वाड्यावर लोकांनी कोंबडी सोडून बांगडा धरला, म्हणजे तसा तो कधी सोडलाच नव्हता. त्या दिवसांत एक गृहस्थ फॉर्म घेऊन मोजणीला आले. कुठून आले ते सांगत नाही, कदाचित इथे बसलेही असतील. फॉर्मवर रकाने तीन: कोंबडे, कोंबड्या, इतर. मावशीकडे कोंबडी औषधाला नाही. त्यांनी दोन शून्यं मांडली आणि ‘इतर’समोर आडवी रेघ ओढली. मावशी म्हणाली, ‘आनी हो म्हजो हांस?’ ते म्हणाले, ‘बाये, रोग कोंबड्यांचा.’ मागून हंस आला आणि त्याने पोटरी धरली. मावशीने त्यांना हळद लावली, चहा दिला. रेघ मात्र तशीच राहिली.

माझी तक्रार त्या रेघेची आहे. आज जगभर पसरलेल्या, बर्ड फ्लूच्या एच५एन१ घराण्याचा मूळ पुरुष सापडला तो १९९६ साली, चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात, एका पाळीव हंसात. विषाणूच्या नावातच हंस, ग्वांगडोंग आणि साल आहे. अगदी आपल्याकडच्या जन्मदाखल्यासारखं. पुढच्याच वर्षी हाँगकाँगमध्ये १८ माणसांना लागण झाली, ६ दगावली. २०१४ साली केरळात कुट्टनाडमध्ये कापणी झालेल्या भातशेतीत चरणारी बदकं मेली. तिथेही आपल्या खाजनांसारखंच: पाणी, भात आणि वरून उतरणारे पाहुणे पक्षी.

आपण हंसाला नीरक्षीरविवेकाचा मान दिला. कवींचा हंस म्हणजे पट्टकादंब हा रानहंस असावा, असं काही जण मानतात. (नावात कादंब आहे म्हणून आपल्या कदंब बसशी नातं लावू नका, ती घाट चढते, हा हिमालय ओलांडतो.) २००५ साली चीनमधल्या छिंगहाई सरोवरावर याच विषाणूने हे पट्टकादंब मोठ्या संख्येने मेले. आणि २०२४ मध्ये अमेरिकेत त्याच घराण्याचा विषाणू गाईच्या दुधात सापडला. म्हणजे हंसाने आता तीन वाटे करायचे, दूध, पाणी आणि विषाणू...

चिठ्ठी आली. ‘पाच मिनिटं.’ अजून उत्क्रांती सुरू व्हायची आहे!

भराभर सांगतो. फ्लूचा जनुकसंच आरएनएचा, आठ सुट्या तुकड्यांचा. नक्कल करताना चुका होतात आणि त्या तपासणारं कोणी नाही. पहिली गोष्ट ही. दुसरी, एका बदकाच्या पेशीत दोन जातींचे फ्लू शिरले की तुकड्यांची अदलाबदल होते. विवेक बिलकुल नाही, नुसती खिचडी. तिसरी गोष्ट महत्त्वाची. पेशीत शिरायला विषाणूच्या पृष्ठभागावरचं प्रथिन एका जागी कापलं जावं लागतं. सौम्य प्रकारात ते कापणारी विकरं, म्हणजे एन्झाइम्स, आतड्यात आणि श्वासमार्गात असतात. म्हणून जंगली बदक विष्ठेतून विषाणू तळ्यात सोडतं आणि स्वतः मजेत पोहतं. एच५ किंवा एच७ जातीचा फ्लू कोंबड्यांच्या गर्दीत फिरू लागला की कधीकधी त्या कापायच्या जागी काही जादा अमिनो आम्लं घुसतात. मग अंगभर सापडणारं फ्युरिन नावाचं विकरही ते कापतं आणि रोग सगळ्या अवयवांत जातो. वर बदकाकडे आरएनए विषाणूची वर्दी देणारा रिग-आय नावाचा जीन आहे, कोंबडीकडे तो नाही. मरते कोंबडी, म्हणून बातमीही तिचीच.

फ्लू म्हणजे सगळं नव्हे. हंसाच्या पिल्लांना मारणारा पार्व्होव्हायरस डीएनएचा, जेमतेम पाच हजार जनुकीय अक्षरांचा. तरी त्याचा बदललेला भाऊबंद २०१५ च्या सुमारास चीनमधल्या बदकांत आला. चोच आखूड, जीभ बाहेर, वाढ खुंटलेली. टेंबुसू विषाणू १९५५ साली मलेशियात डासांत मिळाला होता. तो २०१० साली चीनच्या बदकांत उतरला आणि अंडी घालणं एकाएकी जवळजवळ बंद.

दिवे घालवू नका हो, सर्कोव्हायरस राहिलाय! फक्त दोन हजार अक्षरं, गोल धाग्यावर, आणि पक्ष्याची प्रतिकारशक्तीच पोखरतो, त्यामुळे दुसरे रोग... बरं, बरं. उरलेलं बाहेर, चहावर. फॉर्मवाले आले असतील तर त्यांनी भेटावं, पोटरी बघायची आहे.