पाळीआधीची दहा मिनिटं (चित्रफितीचं निवेदन)

सकाळचे पावणेसात. पुणे-बंगळूर महामार्गावरून कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत वळणारी ही दुचाक्यांची रांग. हँडलला डबा. यातले बरेच जण पहाटे धार काढून, डेअरीत दूध घालून आलेत.

पाळी सातची. पण फौंड्रीतलं, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यातलं, पहिलं काम या फळ्यापाशी. टेबलावर काल नापास झालेलं कास्टिंग, साच्यात ओतलेला भाग, ठेवलंय. हा जुना मोल्डर, वाळूचा साचा भरणारा, त्यातल्या भोकावरून अंगठा फिरवतो.

"वाळू ओली हुती काल, साहेब."

साचा ओला असला, की चौदाशे अंशांच्या आसपासचा रस आत पडताच पाण्याची वाफ होते. तिला बाहेर पडायला वाट मिळाली नाही, की ती लोखंडातच अडकते. ब्लो होल म्हणतात ते हेच. लॅबची चिठ्ठी यायच्या आधी मोल्डरच्या अंगठ्याला ते कळलंय. साहेब खडूनं लिहून घेतात. पुढं मोल्डरचं नाव. मोल्डर नावाकडं बघत नाही. बघत नाही असं दाखवतो.

कामगाराला विचारून रोज थोडं थोडं सुधारायचं, याला आता कायझेन म्हणतात, जपानी शब्द. कोल्हापूरला हे नवं नाही. उद्यमनगरात गुऱ्हाळाच्या चरकाचा, ऑइल इंजिनाचा तुटका भाग घेऊन शेतकरी यायचा. त्यावरून मिस्त्री लाकडी पॅटर्न, म्हणजे नमुना, करायचा, साचा भरायचा, ओतायचा. चुकलं तर पुन्हा. अनेक शेडमध्ये मालकच मिस्त्री. त्याचेही हात वाळूत. कामगाराला विचारायचं, यासाठी वेगळी मीटिंग लागत नव्हती. शेड वाढल्या, मालक काचेच्या केबिनमध्ये गेला, तेव्हा फळा लागला.

आणि ही खंडेनवमी. भट्टी थंड. रस ओतायच्या लॅडलला झेंडूची माळ, मोल्डिंग मशीनला हळदकुंकू, समोर नारळ. आज घरची माणसं आत आलीत. रोज डबा भरून देणारी ही बाई भट्टी पहिल्यांदाच बघतेय. पोराला बाबांचं मशीन कुठलं, ते हवंय.

(इथं निवेदन नाही. हलगी चालू राहील.)

दिवाळीचा बोनस या विचारण्यात, मान देण्यात धरू नका. किमान ८.३३ टक्के देणं कायद्यानंच आलं. मोठ्या कारखान्यात कँटीन, हेही कायद्यातलंच. ते देऊन कुणी उपकार करत नाही. मोल्डरला विचारा, असं मात्र कुठल्याच कलमात नाही.

नापास माल कमी झाला, असं साहेब सांगतात. फेटलिंगची, म्हणजे कास्टिंग घासून साफ करणारी, कंत्राटी पोरं या दहा मिनिटांत नसतात. त्यांची नावं अजून फळ्यावर नाहीत.

भोंगा झाला. मोल्डरनं मूठभर वाळू उचलली, दाबली, मोडून बघितली. मान हलवली.

भरा म्हणाला.