पिठूळ बर्फ, आखूड फळी

[दृश्य: बर्फाच्या थरात उभा कापलेला खड्डा. हातमोजा घातलेली मूठ थराला टेकते.]

रात्रीतून चाळीस सेंटिमीटर बर्फ पडला, असं फलकावर लिहिलंय. स्कीबोर्ड, म्हणजे दोन्ही पायांना एकेक बांधायच्या आखूड स्की, निवडायला हा आकडा अपुरा आहे. बर्फ कसला पडलाय आणि त्याच्याखाली काय आहे, ते आधी बघावं लागतं.

थर उभा कापायचा आणि हात आडवा, हलकेच दाबायचा. अख्खी मूठ आत गेली, तर बर्फ अगदी मऊ. मूठ अडली पण चार बोटं गेली, तर थोडा बसलेला. त्यापुढे एक बोट, मग पेन्सिल, मग सुरी. हिमस्खलनाचा अंदाज घेणारेही थराचा कडकपणा याच पाच पायऱ्यांत नोंदवतात.

आता तोच बर्फ मुठीत आवळा. गोळा न होता बोटांतून सांडला, तर कोरडा. गोळा झाला, तर दमट. पाणी निथळलं, तर ओला. दहा लिटरच्या बादलीत अलगद भरलेला कोरडा ताजा बर्फ जेमतेम अर्धा ते एक किलो भरतो. ओला ताजा बर्फ दीड-दोन किलोंपर्यंत जातो. फळीला तोलून धरायचं काम याच वजनदार बर्फात सोपं होतं आणि वळायचं काम अवघड.

[दृश्य: बर्फावर शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन जोड्या.]

हिशेब क्षेत्रफळाचा आहे. १८० सेंटिमीटर लांब आणि सरासरी १२ सेंटिमीटर रुंद स्कीची जोडी सुमारे ४३०० चौरस सेंटिमीटर जागा व्यापते. ९० सेंटिमीटरचे, सरासरी १० सेंटिमीटर रुंद स्कीबोर्ड फक्त १८००. बूट-कपड्यांसकट ऐंशी किलोचा माणूस या अरुंद जोडीवर दर चौरस सेंटिमीटरला ४४ ग्रॅम भार टाकतो. म्हणून तो बुडतो. बोर्ड ११० सेंटिमीटर लांब आणि सरासरी १५ रुंद घेतला, की हाच भार २४ ग्रॅमवर येतो. लांबी वीसच सेंटिमीटरने वाढली. खरं काम रुंदीने केलं.

कोरड्या, मूठ जाणाऱ्या खोल बर्फात त्यामुळे रुंद बोर्डच हवा, आणि टोक लवकर वर उचललेलं, म्हणजे रॉकर असलेला. सपाट किंवा कमानदार, म्हणजे मधोमध वर उचललेल्या, बोर्डाचं टोक खाली घुसतं, मग माणूस मागे रेलतो आणि दोन-चार उतरणींतच मांड्या भरून येतात. बाइंडिंग, म्हणजे बूट फळीला जखडणारी पकड, एक-दोन सेंटिमीटर मागे सरकवलं, की रेलावं लागत नाही. त्याहून मागे नेलं, तर कडक पट्ट्यावर पुढची कड पकडच घेत नाही.

वीसेक सेंटिमीटरचा मऊ थर आणि खाली दाबलेला कडक उतार असेल, तर फार रुंद बोर्ड उलट त्रास देतो. खालचा कडक थर लागला, की रुंद फळी कडेवर उभी करायला गुडघ्याला जास्त पीळ पडतो. इथे कंबर, म्हणजे बुटाखालची रुंदी, ११ सेंटिमीटरच्या आसपास ठेवावी आणि बुटाखाली थोडी कमान असू द्यावी.

ओल्या बर्फात बुडण्यापेक्षा चिकटण्याची भीती मोठी. तळाखाली पाण्याचा थर साचतो, फळी अचानक थबकते आणि अंग पुढे जातं. आखूड बोर्डावर सावरायला पुढे लांबी नसते. उबदार बर्फाचं मेण आणि तळावर जरा ठसठशीत रेघा, हाच उपाय. कडाक्याच्या थंडीतल्या बर्फाचे कण टोकदार असतात, तिथे कडक मेण लागतं.

वाऱ्याने वर पापुद्रा धरला असेल, तर नरम बोर्ड नको. पापुद्रा फुटतो, टोक त्याच्याखाली अडकतं. बोर्ड ताठ घ्यावा, किंवा खरं सांगायचं तर तो उतार सोडावा.

[दृश्य: बाइंडिंगचं टाचेकडचं टोक. ब्रेकचे दांडे फळीच्या कडेवर टेकलेले.]

न सुटणारी बाइंडिंग्ज हलकी असतात, पण रुंद फळी जड बर्फात अडकली की सगळा पीळ नडगीच्या हाडावर येतो. इथे सुटणारंच बाइंडिंग घ्या. ते किती जोराला सुटावं, ही मात्रा वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि चालवण्याची पद्धत पाहून जाणकाराकडून लावून घ्या. १३ सेंटिमीटर कमरेच्या बोर्डावर १० सेंटिमीटरचा ब्रेक बसवला, तर दांडे कडेवरच अडतात. सुटलेली फळी मग उतारावर थांबत नाही, आणि खोल बर्फात गेली तर दिसतही नाही.

बऱ्याच स्कीबोर्डांवर बाइंडिंगसाठी ४ बाय ४ सेंटिमीटर अंतराची तयार भोकं असतात. स्क्रूची लांबी बाइंडिंगखालच्या पट्टीच्या जाडीसकट मोजून घ्यावी. दोन मिलिमीटर जास्त झाला, तरी फिरकी पूर्ण होताना तळाला आतून टेंगूळ येतं, आणि ते घासून जात नाही.