गुरूला मारून मिळणारी गादी

मित्रहो, 'स्टार वॉर्स' चित्रपटांमधल्या सिथ या दुष्ट योद्ध्यांच्या पंथाचा विषय निघाला की बोलणं लाल तलवारींवर आणि काळ्या मुखवट्यांवर जातं. मला त्यांच्या गादीबद्दल बोलायचं आहे. एकेकाळी सिथ पुष्कळ होते आणि आपसांतच लढून संपले. त्यातून उरलेल्या डार्थ बेनने दोघांचा नियम घातला: एका वेळी एकच गुरू, एकच शिष्य. शिष्य वरचढ झाला की त्याने गुरूला मारायचं आणि स्वतःसाठी नवा शिष्य शोधायचा. 'शिष्यादिच्छेत् पराजयम्' असं आपण ऐकत आलो. बेनने त्या पराजयाची किंमत गुरूचा जीव ठरवली. या नियमावर पंथ हजार वर्षं लपून राहिला.

बेनचा हिशोब असा की दुबळ्याच्या हातून गुरू मरणारच नाही, म्हणून दर पिढी आधीच्यापेक्षा बलवान निघेल. मला हा हिशोबच खोटा वाटतो. २००५ च्या 'रिव्हेंज ऑफ द सिथ'मध्ये पॅल्पटीन, म्हणजे डार्थ सिडियस, अनाकिनला, म्हणजे सिथांच्या शत्रू असलेल्या जेडाय पंथातल्या एका तरुण योद्ध्याला, डार्थ प्लेगस या सिथ गुरूची गोष्ट सांगतो. दुसऱ्यांचं मरण टाळण्याची विद्या असलेल्या प्लेगसला त्याच्या शिष्याने झोपेत मारलं. झोपेत! यात बळाचा कस लागला कुठे? तो शिष्य म्हणजे सिडियस स्वतःच, आणि असा गादीवर आलेला माणूस पुढे आपल्या शिष्याला वरचढ होऊ देईल कशाला?

त्याने दिलं नाहीच. त्याच चित्रपटात सिडियसचा शिष्य काउंट डूकू याचा शेवट आहे. डूकू साधा चेला नव्हे. जेडाय असताना त्याने क्वाय-गॉन या जेडायला घडवलेलं, आणि सिडियससाठी तो एक अख्खं युद्ध चालवत होता. द्वंद्वात अनाकिन त्याचे दोन्ही हात तोडतो. डूकू गुडघ्यांवर येतो, मानेशी दोन पाती. समोर खुर्चीत 'कैदी' बनून बसलेला त्याचा गुरू अनाकिनला सांगतो, मार याला. डूकू वळून गुरूकडे बघतो आणि त्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. आपली जागा आधीच दुसऱ्याला दिलेली आहे, हे त्याला तिथे कळतं. या सबंध कथेत मला याहून क्रूर क्षण दिसत नाही, कारण इथे नियम मोडणारा खुद्द गुरू आहे.

म्हणून या पंथात प्रत्येक शिष्य चोरून साथीदार शोधतो. डूकूने अनाकिनचा जेडाय गुरू ओबी-वान याला विचारलं होतं. १९८० च्या चित्रपटात व्हेडर, म्हणजे सिडियसचा शिष्य झालेला तोच अनाकिन, आपल्या मुलाला, ल्यूकला विचारतो: सम्राटाला संपवू, आकाशगंगेवर बापलेक राज्य करू. आणि १९८३ मध्ये सम्राट सिडियस व्हेडरच्या देखत त्याच मुलाला म्हणतो, बापाला मार, त्याची जागा घे. डूकूच्या जागी आता व्हेडर आहे, हातही तुटलेला. फरक एवढाच की ल्यूक तलवार फेकून देतो. मग सम्राट त्याला विजेने जाळू लागतो, तेव्हा व्हेडर गुरूला उचलून खोल विवरात टाकतो. शिष्याने गुरूला मारलं, नियमाप्रमाणेच. पण गादीसाठी नाही, मुलासाठी.